सर्व सोयींनी युक्त

बातमीदार जे छापतो ते दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या पुड्यांना लागतं, आणि जे छापता येत नाही ते जन्मभर त्याच्या डोक्यात साठत राहतं. मी सांगलीच्या एका साप्ताहिकात उभी हयात घालवली. किती सभा, किती भाषणं उतरून घेतली! त्यातलं एक वाक्य विचाराल तर सांगता येणार नाही. पण पाचगणीच्या त्या बंगल्याचं विचारा. चार जुनी माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "तो टबाचा सांगा हो." टबाचा सांगून होईपर्यंत मला फर्निचर आठवतं, फर्निचरवरून खिडक्या आठवतात, आणि सांगता सांगता माझं रक्त पुन्हा तापतं. ऐकणारे हसतात.

हसा! तुम्हाला तिथं राहावं लागलं नाही.

* * *

महायुद्ध संपलं होतं, पण रेशन संपलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आमचे संपादक आणि मालक तात्या त्या उन्हाळ्यात विषमज्वरातून उठले.

तात्या हा संतापाचा माणूस. लोक आमचं साप्ताहिक बातम्यांसाठी घेत नसत, तात्यांच्या संतापासाठी घेत. गल्लीतला दिवा विझला तरी ते असा अग्रलेख लिहीत की दिवेवाला शिडी घेऊन पळत येई. ऑफिसात आम्हाला रोज ताकीद असे, "माझ्या पत्रात एक शब्द खोटा आला तर मशीन उचलून विहिरीत टाकीन!" छापखान्यामागेच विहीर होती, त्यामुळे ही धमकी पोकळ वाटत नसे.

तापातून मात्र ते उठले ते अगदी मऊ होऊन. एका वाचकानं त्यांना चार पानं शिव्या लिहून पाठवल्या. मोठ्या आशेनं मी त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. तात्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "असू दे. त्यांचंही बरोबर असेल."

बाहेर आलो तर काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, दाराआड पदर डोळ्यांना लावून उभ्या. म्हणाल्या, "ऐकलंत ना? ताप गेला, पण जाताना ह्यांना घेऊन गेला हो!"

अग्रलेखाच्या जागी आम्ही हवामान छापू लागलो. एक दिवस तात्या शांतपणे म्हणाले, "पत्र बंद केलं तरी काय बिघडतं?" त्या दिवशी छापखान्यात कोणाला जेवण गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर थंड हवेत न्या. आणि त्यांच्या मनाला त्रास होईल असं काही, काहीसुद्धा, घडू देऊ नका."

* * *

आता थंड हवेचं घर शोधायचं कुठं? माझी नजर टेबलावरच्या आमच्याच अंकावर पडली.

"पाचगणी येथे सर्व सोयींनी युक्त, हवेशीर, टुमदार बंगला भाड्याने देणे आहे. उत्तम फर्निचर. प्रशस्त स्नानगृह, विलायती टबासह. मुबलक पाणी. सेवेस तत्पर माणूस. आजाऱ्यास नवजीवन!"

जाहिरातींचं पान म्हणजे बापू चौगुलेचं खातं. तात्या त्या पानाकडे बघतही नसत. बापू आष्ट्याचा, जैन घरातला. सूर्यास्ताच्या आत जेवणारा, मुंगीवर पाय न देणारा, सज्जन माणूस. मी जाहिरात वाचू लागलो तसा त्याला खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, छपाईच्या खिळ्यांची धूळ.

"बापू, हे घर कसं आहे?"

"घर आहे की," बापू म्हणाला.

काकूंनी ताबडतोब ठरवून टाकलं. तात्यांबरोबर त्या, तात्या पुन्हा बोलू लागलेच तर लिहून घ्यायला मी, आणि बाजारहाटाला बापू. न येण्यासाठी बापूनं किती कारणं सांगितली! आधी मावशी आजारी पडली, मग मावशीची म्हैस. काकू म्हणाल्या, "दोघींना बरं वाटेल. ट्रंक बांधा."

वर्षानुवर्षं वाचकांना आम्ही जे देत होतो, ते त्या दिवशी प्रथमच आम्ही स्वतः वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला! बारा गावच्या लबाड्या बाहेर काढणारे आम्ही, आमच्याच छापखान्याच्या शाईला फसलो.

* * *

मिरजेहून रेल्वेनं वाठारला उतरलो आणि पुढं सर्व्हिस मोटर धरली. पेट्रोलची टंचाई, म्हणून मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. पाठीमागं बंबासारखी एक भट्टी. पसरणीच्या घाटात भट्टीचा जीव गेला आणि सगळ्यांना उतरून ढकलावं लागलं. तात्या तेवढे आत बसून होते. खिडकीतून म्हणाले, "हळूहळू ढकला. घाई नाही."

बंगला गावाबाहेर, टेबललँडच्या पठाराच्या पलीकडच्या अंगाला होता. वर पत्रा, पुढं व्हरांडा, आणि व्हरांड्यात मिशांना पीळ भरलेले मालक, सुभेदार. पलटणीतून पेन्शन घेऊन आल्यावर त्यांनी हे घर एका मडमेकडून विकत घेतलं होतं, आणि स्वतः मागच्या खोलीत राहत होते. त्यांनी आम्हाला सॅल्यूट ठोकला. मी प्रतिनमस्कार करणार, एवढ्यात घरातून असा वारा आला की माझी टोपी फाटकाबाहेर गेली.

एकाही खिडकीला काच नव्हती!

"सुभेदार, काचा कुठं आहेत?"

"वादळात फुटल्या. मग लढाई लागली. इंग्रजाला काच मिळंना, मला कुठली मिळतीया?"

"अहो, पण वारा येतोय!"

"मंग? सांगलीहून आलासा कशाला? वाऱ्यासाठीच न्हवं?"

मी भांडायला बाह्या सरसावल्या. तर मागून तात्यांचा मऊ आवाज, "असू दे रे. बरोबर आहे त्यांचं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी मुकाट्यानं ट्रंका आत नेल्या.

* * *

फर्निचर मात्र होतं. उत्तम होतं. मखमलीचा सोफा, झुलती खुर्ची, शिसवी मेज. मी स्वतः पाहिलं आहे आणि आजही शपथेवर सांगेन.

फक्त ते एका खोलीत कुलपात होतं, आणि किल्ली घेऊन मडम विलायतेला गेली होती. "न्यायला मानूस धाडतो म्हनली हुती," सुभेदार म्हणाले. "मंग लढाई लागली."

सुभेदारांकडे सगळ्या गोष्टी लढाई लागण्यापाशी येऊन थांबत.

त्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती, आणि अख्ख्या घरात शाबूत काच होती ती त्या एकाच खिडकीला! आम्ही व्हरांड्यात पोत्यांवर बसायचो आणि काचेतून सोफा बघायचो.

एकदा सांगलीचे एक ओळखीचे वकील सपत्नीक भेटायला आले. बसायला काय द्यावं? काकू डगमगल्या नाहीत. त्यांनी पोतं झटकून पसरलं आणि काचेकडे हात करून म्हणाल्या, "हे आमचं फर्निचर. वापरून खराब कशाला करा!"

वकिलीणबाईंनी काचेला नाक लावून बराच वेळ पाहिलं. "झुलती खुर्ची छान आहे हो," म्हणाल्या.

"आहेच मुळी," काकू म्हणाल्या. "आम्ही आल्यापासून कोणी बसलंसुद्धा नाही तिच्यात."

* * *

आता टबाचं.

पहिल्या सकाळी मी आंघोळीला गेलो. न्हाणीघर खरोखर प्रशस्त होतं. मधोमध पांढराशुभ्र विलायती टब. टबात गवत. गवतावर कोंबडी.

मी "हुश" म्हटलं. ती जागची हलली नाही. एका डोळ्यानं तिनं माझ्याकडे असं पाहिलं की टॉवेल गुंडाळून मी बाहेर आलो.

"सुभेदार! टबात कोंबडी आहे!"

"हळू बोला. अंड्यांवर बसलीया."

"तिला उचला!"

"आवं, काय बोलतासा? आता उठवली तर समदी अंडी वाया जात्याल. माय हाय ती!"

तात्यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराला लागून कोंबडी! सांगलीत असं झालं असतं तर तात्यांनी अग्रलेख नव्हे, खास अंक काढला असता. काकू धावतच त्यांच्याकडे गेल्या आणि घडलेलं तिखटमीठ लावून सांगितलं. तात्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "बसू दे तिला," म्हणाले. "तिलाही थंड हवा हवी असेल."

काकू तिथंच भिंतीला टेकल्या.

त्या महिन्यात आम्ही अंगणात, पत्र्याच्या आडोशाला, बादलीनं आंघोळ केली. पाणी मुबलक होतं यात शंका नाही, पण ते सगळं खालच्या ओढ्यात होतं. आणि जाहिरातीतला "सेवेस तत्पर माणूस" म्हणजे खुद्द सुभेदार. रोज सकाळी ते आमचं इन्स्पेक्शन घेत. माझी वळकटी नीट नाही म्हणून त्यांनी मला दोनदा ती उलगडून पुन्हा बांधायला लावली. मी! ज्याला बघून मामलेदार खुर्चीतून उठत!

* * *

बापूचे हाल मात्र बघवत नसत. सूर्यास्ताच्या आत जेवण हा त्याचा जन्माचा नेम. रॉकेल परमिटवर, लाकडं ओली, चूल धुमसायची. पिठलं-भात होईपर्यंत सूर्य डोंगराआड जायचा. दोन दिवस बापू नुसत्या पाण्यावर राहिला.

तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "बापू, सूर्य मावळला कुठं? तो डोंगराच्या आडोशाला गेलाय. वर जाऊन बघा, असेल अजून."

बापूनं क्षणभर विचार केला. मग ताट फडक्यात बांधलं आणि टेबललँडच्या दिशेनं धूम ठोकली.

वर खरंच सूर्य होता! तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. काकू भात वाढायच्या, बापू ताट उचलायचा आणि डोंगर चढायला लागायचा. वर हवा खायला आलेली बडी मंडळी, घोड्यांवर बसलेली त्यांची मुलं, आणि मधोमध सूर्याकडे तोंड करून भराभर पिठलं-भात जेवणारा आमचा बापू. एका गृहस्थानं आदरानं विचारलं, "काही व्रत आहे का?" बापूचं तोंड भरलेलं. त्यानं नुसतं सूर्याकडे बोट दाखवलं. त्या गृहस्थानं सूर्याला हात जोडले.

सुभेदार खालून कौतुकानं बघायचे. "लय झ्याक पळतंय गडी! पल्टनीत असतं तर नाईक झालं असतं."

एका संध्याकाळी बापू भरलं ताट घेऊन तसाच परत आला. चेहरा एवढासा. "ढगात गेला की ओ काकू. आहे का मावळलाय, कळायला मार्ग नाही. संशयात कसं जेवायचं?"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या म्हणाले, "असू दे बापू. उद्या पुन्हा उगवेल."

बापूनं एवढं सोसलं, पण घराविरुद्ध त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. काहीही झालं तरी म्हणायचा, "तसं घर वाईट नाही." मला ते मोठं संतपण वाटत होतं!

* * *

साखर संपली तेव्हा मी रेशनच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कार्ड उलटंपालटं केलं. "हे सांगली संस्थानचं आहे. हा इंग्रजी मुलूख. इथं नाही चालायचं."

म्हणजे साखरेच्या दृष्टीनं आम्ही परदेशात आलो होतो! मी दुकानात अर्धा तास भाषण केलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, साखर मात्र मिळाली नाही.

घरी येऊन मी हा सारा अन्याय तात्यांपुढं मांडला. वाटलं, आता तरी पेटतील! दोन राज्यं, एक माणूस, चिमूटभर साखर; याहून चांगला अग्रलेखाचा विषय कोणता? तात्यांनी गुळाचा चहा घोटभर घेतला. "गूळ प्रकृतीला बरा," म्हणाले.

महिना संपत आला. तात्यांचा रंग सुधारला होता, पण माणूस तोच मऊ. काकू मला हळूच म्हणाल्या, "परत जाऊन करायचं काय? मशीन विकायचं, दुसरं काय!"

त्या दिवशी माझा तोल गेला. मी तडक सुभेदारांपुढं उभा राहिलो. "सुभेदार, एका आजारी माणसाला तुम्ही फसवलंत! मी गेल्या गेल्या हे सगळं छापणार!"

सुभेदार खूश झाले. "छापा की! मागल्या बारीला छापलं, तवाच तर तुमी आलासा."

* * *

मग मी ट्रंकेतून अंक काढला. तात्या पोत्यावर बसून सोफ्याकडे बघत होते, काकू तांदूळ निवडत होत्या. बापू म्हणाला, "मी जरा ओढ्यावर जाऊन येतो."

"बस खाली!" मी म्हणालो, आणि जाहिरात मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सर्व सोयींनी युक्त. टुमदार. उत्तम फर्निचर. सुभेदार मान हलवत तल्लीन होऊन ऐकत होते. "आजाऱ्यास नवजीवन" झालं तसे ते पुढं सरकले.

"ह्ये घर कुटं हाय म्हनं? मला बी बगायला पायजे."

"अहो, हे तुमचंच घर आहे!"

"माजं? छ्या! म्या तुमच्या हापिसात हुबा ऱ्हाऊन सांगितलं की. घर हाय, वर पत्रा हाय, काचा न्हाईत, पानी लांब हाय. कोंबड्यांचं बी सांगितलं. पल्टनीचा जंगी मानूस हाय मी, खोटं कशापायी बोलू? त्यो लिवून घेनारा म्हनला, तुमी जावा, मी वाईच नीट करतो." आणि सुभेदारांनी बोट केलं. "त्यो काय, त्योच!"

सगळ्यांनी बापूकडे पाहिलं.

बापू उभा राहिला. "तात्या, मी काही मुद्दाम केलं नाही बघा. मजकूर लई कोरडा होता की ओ. 'काचा नाहीत' म्हणजे हवेशीरच. थोडं वळण दिलं. सगळ्याच जाहिरातींना देतोय."

तात्या सावकाश उठले. अंगावरची शाल खाली पडली.

"सगळ्याच?"

"होय," बापू म्हणाला.

"माझ्या पत्रात?"

बापू एक पाऊल मागं सरकला.

"माझ्या पत्रात खोटं! मी इथं पोत्यावर बसतो, ओढ्याचं पाणी पितो, कोंबडीला टब देतो, आणि हे सगळं माझ्याच शाईनं! गाढवा! दिनकर, तू काय बघतोस तोंडाकडे? तू रे कसला बातमीदार? महिनाभर डोंगर चढणारा चोर तुझ्या शेजारी राहतो आणि तू साखरेवर भाषणं करतोस! आणि सुभेदार, तुम्ही! घर भाड्यानं देता आणि वळकट्या तपासता? लाज नाही वाटत? काढा ती कोंबडी!"

आवाज डोंगरावर आपटून परत आला. आत न्हाणीघरात कोंबडी ओरडत सुटली. सुभेदारांनी नकळत टाचा जुळवल्या.

काकूंच्या मांडीवरचं सूप उलटलं. तांदूळ व्हरांडाभर झाले, आणि त्यातून धावत त्या माझ्याकडे आल्या. "ओरडले! अहो, ओरडले हो! गाढव म्हणाले!" त्यांनी गुळाची ढेप फोडली आणि सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. पहिला बापूच्या.

तात्या गरजले, "गूळ काय वाटतेस? दिनकर, कागद घे!"

* * *

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, तात्यांच्या हातची जाहिरात आली:

"पाचगणी येथे घर भाड्याने देणे आहे. काचा एका खिडकीस आहेत. त्यातून फर्निचर दिसते. पाणी ओढ्यात आहे. टबात कोंबडी आहे. मालक प्रामाणिक व कडक आहेत. मागील जाहिरात खोटी होती. संपादक."

शेजारी अग्रलेख, हवामान नाही. तात्या सुटले ते सुटलेच. पुढं वर्षभर सांगलीत एकही दिवा विझला नाही. बापूला त्यांनी काढलं नाही. त्याच्या टेबलावर फक्त पाटी लावली, "विशेषणे बंद."

* * *

पुढचा उन्हाळा आला. तात्यांना बारीक ताप येऊन गेला आणि एके सकाळी काकू ऑफिसात आल्या. चेहरा उतरलेला. तात्या आत टेबलाशी होते, म्हणून दाराशीच मला हळूच म्हणाल्या, "काल दूधवाल्यानं पाणी घातलं. हे म्हणाले, असू दे."

बापूची लेखणी थांबली. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि दारात सुभेदार उभे, मिशा पिळलेल्या, हातात आमचा जुना अंक. कडक सॅल्यूट ठोकून ते तात्यांसमोर उभे राहिले.

"तात्यासाब, खोटं छापलं म्हून तुमी माजं घर पैल्या पानावर घेतलं. रातीला झोप येईना. पल्टनीत असं चालत न्हाई. वरीसभर खपलो. समद्या खिडक्यास्नी काचा बशिवल्या. ओढ्याचं पानी पंपानं दारात आनलं. मडमेचा मानूस आला, कुलूप काडलं, फर्निचर मलाच दिऊन गेला. ह्या पैल्या जाहिरातीत हाय तसं समदं केलं. आता बोला!"

बोलला बापू. विशेषणांची पाटी बाजूला सारून तो उठला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याची मान ताठ होती.

"बघा तात्या. खोटं काही नव्हतंच. बातमी जरा लवकर छापली गेली, एवढंच!"

आम्ही तात्यांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"असू दे," ते म्हणाले.

काकू खुर्चीत बसल्या. "काचा बसवल्या," स्वतःशीच म्हणाल्या. "पाणी आणलं. सोफा आणला. मग आता त्या घरात जाऊन हे ओरडणार कशावर?" मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "सुभेदार, खरं सांगा. एखादी तरी गैरसोय ठेवलीय का हो?"

सुभेदारांच्या मिशा खाली आल्या. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "लय कोशीस केली, वैनी. पर कोंबडी काय टब सोडीना."

काकू उठल्या.

"बापू," त्या म्हणाल्या, "ट्रंका काढा."